दहावी खेळी

पहिल्याच खेळीला त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं, आणि मी पटाकडे न बघता दाराकडे बघितलं. कडी लावलेली नव्हती. तेवढ्यानं जरा धीर आला.

प्यादं एक घर चालतं. हे मला चौथीत असल्यापासून माहीत होतं, आणि चौथीच्या पुढं मी फारसा गेलेलोच नव्हतो. त्यामुळे जे माहीत होतं ते घट्ट धरून होतो. आमच्या सावंतवाडीकडे काय किंवा इकडे डोंबिवलीत देवळाच्या ओट्यावर काय, प्यादं एकच घर चालायचं. राजाला मात्र शह मिळण्याआधी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. हे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून तर ते मोडायची कुणाची छाती नव्हती. आणि हा पांढऱ्या केसांचा, इस्त्रीचा सदरा घातलेला गृहस्थ माझ्या डोळ्यांदेखत दोन घरं ढकलून वर चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणत होता, "हं. आता तुम्हीही दोन घरं घ्या."

'तुम्ही.' दोन घरांपेक्षा तेच मला जास्त खुपलं. मी वीस-एकवीस वर्षांचा. स्टेशनाजवळच्या एका कातारकामाच्या दुकानात चरकावर बसून लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट कातणारा माणूस. मला सगळे 'ए कातारी' म्हणायचे, फार तर 'अरे'. तोपर्यंत मला 'तुम्ही' म्हणणारे दोनच जण भेटलेले: एक लस टोचायला आलेला, आणि एक खोटं पितळ विकायला आलेला. तेव्हा मी प्यादं दोन घरं पुढं घेतलं खरं, पण बोटं त्याच्यावरून काढली नाहीत.

ते रेल्वेत तारेवर होते. सबंध आयुष्य कट्ट-कडकट्ट करत निरोप धाडले आणि निवृत्त होऊन डोंबिवलीत दोन खोल्यांत येऊन राहिले. एकटेच. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, डोंबिवलीत अशी निवृत्त मंडळी बरीच येऊन राहायला लागलेली. ते आमच्या दुकानात आले ते हातरुमालात एक लाकडी उंट घेऊन. पांढऱ्या मोहऱ्यांतला याचा जोडीदार हरवलाय, याच्यासारखा दुसरा कातून मिळेल का, म्हणाले. मी हेदीच्या लाकडाचा कातून दिला. त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि विचारलं, "तुम्ही खेळता वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मान बरोबर बसवलीत. खेळणारा माणूस मोहरं मानेला धरतो."

उत्तर चोख होतं. पण मला त्यात काहीतरी तयार करून आणल्यासारखं वाटलं. दर रविवारी दुपारी या, मी तुम्हाला विलायती नियमांनी एक अभिजात डाव शिकवतो, ते म्हणाले. इटालियन डाव म्हणतात त्याला, शांत डाव असंही एक नाव आहे. फी वगैरे काही नाही.

शांत म्हणवणाऱ्या गोष्टीत मला कधीच शांत वाटलेलं नाही. तरीही गेलो. का गेलो ते सांगायला हवं. शाळेत मी शेवटच्या बाकावरून उठलो तो कायमचा; त्यानंतर मला जे काही शिकवलं गेलं ते कानाखाली वाजवून. खुर्चीवर समोर बसवून, मधे टेबल ठेवून, 'हे असं का ते बघा' असं कुणी म्हणालं नव्हतं. ती खुर्ची मला सोडवेना.

राहायला मी कोपर गावात होतो, डोंबिवलीहून बांधाबांधानं चालत. तिथल्या एका जुन्या घराच्या पडवीत. घरमालक पन्नाशीचे, जन्म मिठागरात गेलेला, आता बापजाद्यांच्या जमिनीचे मालक. सगळं गाव त्यांना दादूस म्हणायचं, मीही. मुलुख सोडून आलो त्या पहिल्याच वर्षी मला विषमज्वर झालेला. मी तेव्हा दुकानातच झोपायचो; दुकानमालकानं माझं अंथरूण गुंडाळून बाहेर ठेवलं. त्या वेळी ओळखदेख नसताना दादूसनं मला बैलगाडीत घालून कल्याणला डॉक्टरकडे नेलं आणि परत आणून आपल्या पडवीत टाकलं. त्यांच्या बायकोनं तीन आठवडे पेज पाजली. उठून बसलो तेव्हा मी विचारलं, आता मी कुठं जाऊ? दादूस म्हणाले, "कुठं जातस? बुद्दिबल खेलतस ना? मंग रव हितंच."

एवढाच करार. रोज दिवेलागणीला ओट्यावर एक डाव. तीन वर्षं तो करार चाललेला, आणि या तीन वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की आज हे मला निघ म्हणतील असं मला वाटलं नाही. त्यांनी आवाज चढवला की मी मनातल्या मनात ट्रंक भरायचो. जगात माझ्या डोक्यावर तेवढंच छप्पर होतं. म्हणून डोंबिवलीच्या त्या शिकवणीबद्दल मी घरात काही बोललो नव्हतो. सांगितलं ते हातानं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतरची गोष्ट. ओट्यावर डाव मांडला आणि बोलण्याच्या नादात मी राजापुढचं प्यादं उचलून दोन घरं ठेवलं.

दादूस बघतच राहिले. "आरं, एक पाय टाक, एक. आज डबल पगार हाय कं तुना?"

मी घाईनं प्यादं मागं घेतलं. पण ते सोडतात थोडेच? "कोन शिकवला ह्यो?"

सांगावं लागलं. तारमास्तर, इटालियन डाव, रविवार, सगळं.

"फुकट?"

"फुकट."

"आनि तुना काय वाटला नाय?" त्यांनी पट बाजूला सरकवला. "टेसनावरचा शिकलेला मानूस, तुना खुर्चीवर बसवतो, वर फुकट शिकवतो. आरं, त्याना तुजी काय गरज? त्याना माजी खाजनाची जमीन पायजे. तिकरं सोसायटी करतान, घरं बांधतान. आदी तुना फोरनार, मंग माजे दारान येनार."

"जमिनीचं एक अक्षर काढलेलं नाही त्यांनी."

"तोच तर! आजून काढला नाय म्हंजे मोठी जमीन पायजे." मग म्हणाले, "बग. माजे ओट्यावर दोन पावलांचा खेल चालनार नाय. तुना तो पायजे आसंल त तिकरंच जाऊन रव."

त्यांची बायको आतून म्हणाली, "आवो, पोराला जेवू त द्या." जेवायला वाढलं, तोवर ट्रंक भरून झाली होती, मनात.

आता दादूसनं सांगितल्यावर तरी जाणं सोडावं की नाही? नाही सोडलं. लपून जायला लागलो, रविवारी दुकानात जादा काम आहे असं सांगून. आणि दादूसचं बोलणं डोक्यात घेऊन बसल्यामुळे मास्तरांच्या खोलीतली एकेक गोष्ट मला दिसायला लागली.

पहिली गोष्ट, ते मला कायम काळी मोहरी द्यायचे. पांढरी नेहमी त्यांची. दुसरी गोष्ट, ते पूर्ण डाव कधी खेळायचेच नाहीत. सुरुवातीच्या महिन्यात सहा खेळ्या: दोघांची मधली प्यादी समोरासमोर, घोडे बाहेर, उंट बाहेर, मग त्यांचं मधलं दुसरं प्यादं पुढं, मी ते मारायचं, त्यांनी माझं मारायचं, माझ्या उंटाचा शह. इथं आलं की हात फिरवून सगळी मोहरी गोळा करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक खेळी का, ते मात्र जीव ओतून सांगायचे. "मधली चार घरं म्हणजे बाजारपेठ. ती ज्याच्या ताब्यात त्याची मोहरी कुठूनही कुठं जातील." मला पटायचं. पुढं काय, विचारलं की म्हणायचे, "घाई नको. एवढं पक्कं करा."

मग एका रविवारी सातवी खेळी शिकवली. दोन-तीन आठवड्यांनी आठवी. मग नववी. असं कुणी शिकवतं? आमच्या चरकावर कुणी शिकाऊ आला तर त्याला लाटण्याचं एक टोक महिनाभर नि दुसरं टोक पुढच्या महिन्यात असं शिकवतो का आम्ही?

तिसरी गोष्ट, तो डबा. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा त्यांच्या कोपराशी असायचा. मी आत आलो की झाकण बंद. आणि चौथी गोष्ट, मी निघून चपला घालत असताना मागं टाकाचा आवाज यायचा. कुरकुर कुरकुर. काहीतरी लिहून घ्यायचे. काय लिहीत असतील? मी काय बोललो ते? दादूसच्या घरी कोण कोण आहे, हे एकदा त्यांनी विचारलेलं. मी सांगून बसलेलो. जमीन किती, हे विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं बहुतेक, त्या खुर्चीत बसून.

नववीवर गाडी अडली ती अडलीच. पाऊस संपला, दिवाळी झाली, तरी आम्ही नवव्या खेळीवरच. माझा घोडा पटाच्या मधोमध उभा. मग ते त्यांचा वजीर बाजूला काढून आपल्या उंटाच्या पाठीमागे नेऊन ठेवायचे, दोघांचा डोळा माझ्या घोड्यावर. इथं माझी दहावी खेळी. आणि इथंच ते पट आवरायचे.

एका रविवारी मी त्यांचा हात अडवला. "दहावी सांगा."

"दहावी अजून आलेली नाही," ते म्हणाले.

"आलेली नाही म्हणजे? कुठून यायची आहे?"

त्यांचा हात आपोआप डब्यावर गेला.

मला चीड आली. म्हटलं, तुम्ही नाही सांगत तर मीच खेळतो. माझा दुसरा घोडा उचलला आणि एक पाऊल मागं घेऊन पहिल्या घोड्याला जोर लावून ठेवला.

ते पटावर वाकले. "हे का केलंत?"

"का म्हणजे? जोर नको? तुमचे दोघं टपलेत, माझा घोडा एकटा."

"एकटा कुठं? मागं तुमचा वजीर आहे की त्याला."

"वजिराचा जोर कसला? घोडा राखायला वजीर घालवतं का कुणी? घोड्याला घोड्याचाच जोर पाहिजे." हे दादूसचं वाक्य होतं. तीन वर्षं रोज संध्याकाळी ऐकलेलं.

मास्तरांनी त्या घोड्यापासून माझ्या वजिरापर्यंत बोट फिरवलं. मग मी तिथं बसलेला असतानाच त्यांनी टाक घेतला आणि कागदावर लिहायला लागले.

"काय लिहिता?" मी उभाच राहिलो. "माझी खेळी कुणाला कळवायची आहे तुम्हाला?"

त्यांनी कागद पालथा घातला. चेहरा असा झाला की माझी खात्रीच पटली. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो, घालायलाही थांबलो नाही.

संध्याकाळी दादूसला सगळं सांगितलं. लपून जात होतो तेही. वाटलं, आता उचला ट्रंक. पण ते खूश झाले. "बोललेलो ना मी? बोललेलो ना?" बायकोला हाक मारून दोनदा सांगितलं. त्या दिवशी माझ्या ताटात बोय मासळीचा मोठा तुकडा पडला. छप्पर शाबूत राहिलं.

पण ओट्यावरचा डाव अळणी झाला. प्यादं एक एक घर चालत निघालं की मला वाटायचं, अरे, हे पोचणार कधी? मधली चार घरं ओस पडलेली दिसायची. दादूसनं एकदा विचारलं, "ध्यान खय हाय तुजा?" माझी सावंतवाडीची बोली ते मला चिडवायला वापरायचे. मी म्हटलं, कुठं नाही. खरं म्हणजे मी त्या दहाव्या खेळीवर अडकलो होतो. ती बरोबर होती की चूक, एवढं तरी त्या माणसानं सांगायला हवं होतं.

तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी दादूस अंगणात कुंपणासाठी बांबू तासत बसलेले, मी धरून. बांधावरून एक छत्री येताना दिसली. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री मात्र उघडी. दादूसनं कोयता खाली ठेवला. "आला बग. छत्री घेऊन येनारा परतेक मानूस जमीन बगालाच येतो."

तारमास्तर अंगणाच्या कडेला थांबले. काखेत तो डबा. धोतराला चिखल. "आपल्याकडे राहतात त्या कातारींना भेटायचं होतं."

"जमीन इकाची नाय," दादूस म्हणाले.

"मला नको आहे."

"पयले सगले आसंच बोलतान."

"अहो, मला चार पावलं चाललं तर धाप लागते, मी जमीन घेऊन काय करू?" मास्तर ओट्याच्या कडेला टेकले. खरंच धापा टाकत होते. दादूसच्या बायकोनं न सांगता पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता झाकण ओढलं. झाकण घट्ट बसलेलं. एकदम निघालं, आणि आतून काहीतरी टणकन उडून अंगणात घरंगळलं.

दादूसनं उचललं. लाकडी उंट. पांढरा, जुना, हाताळून गुळगुळीत झालेला, मानेला धरूनच झिजलेला. मी कातून दिलेला नव्हे. मी ज्याचा जोडीदार कातला तोही नव्हे, कारण नमुना म्हणून आणलेल्या त्या उंटाच्या बुडाला एक टवका होता. हा तिसरा होता. म्हणजे पहिला. म्हणजे हरवलेला.

"हा सापडला वाटतं," मी म्हणालो.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हरवलाच नव्हता," ते म्हणाले.

दुपारच्या सुटीत दुकानाच्या फळीवर खडूनं घरं आखून, भोवरे आणि खुंट्या मांडून मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचो. ते त्यांनी रस्त्यावरून जाता-येता बघितलेलं. "सरळ आत येऊन 'माझ्याशी खेळता का' असं विचारायचं जमेना. या वयात बरं दिसत नाही. म्हणून काम घेऊन आलो."

दादूसनं उंट बोटांत फिरवला, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि असे हसायला लागले की खोकला लागला. "आरं, ह्यो जमीनवाला नाय रं! जमिनीवर डोला ठेवनारा मानूस उंट लपवीत नाय!" मग डोळे पुसत म्हणाले, "बसा मास्तर, वर बसा. चाय घ्या."

मग डब्यातली पोस्टकार्डं निघाली. भुसावळला मास्तरांचा एक जुना स्नेही होता, तोही तारेवरचाच. नोकरीत असताना, मधे गाड्या नसल्या आणि तारेची लाइन मोकळी असली, की हे दोघं तारेवरून बुद्धिबळ खेळायचे. एक खेळी इकडून कट्ट-कडकट्ट, एक तिकडून. सरकारी तारेवर असं करणं गुन्हा; कुणाला कळलं असतं तर दोघं घरी. निवृत्तीनंतर तार गेली, मग कार्डावर आले. पांढरी मोहरी मास्तरांची, काळी स्नेह्याची. कार्ड यायचं तेव्हा खेळी यायची. मला शिकवली जात होती ती स्नेह्याची बाजू. "कार्डावर खेळताना समोर माणूस नसतो हो," मास्तर म्हणाले. "तेवढं एक वाटायचं. तुम्ही समोर बसायचात. तुम्ही उठलात की त्याला लिहायला बसायचो. जुना गुन्हा कळून पेन्शन जाईल अशी भीती वाटायची म्हणून बोललो नाही."

भीती! मला वाटत होतं की त्या खोलीत भिणारा मी एकटाच आहे.

"आणि हे परवा आलं." त्यांनी सगळ्यांत वरचं कार्ड माझ्या हातात दिलं. दोनच ओळी होत्या. दहावी खेळी: घोड्याला घोड्याचा जोर.

"वाच ना मोट्यानं," दादूस म्हणाले; त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचलं. ते मांडीवर थाप मारून उठले. "ती खेली माजी हाय! जोर मी शिकवला याला! लिवा तसं, मास्तर, तुमचे भुसावलवाल्याला लिवा. कोपरचे दादूसनी आदीच खेललेली हाय म्हनावं."

"लिहितो," मास्तर म्हणाले.

दादूसनं आतून स्वतःचा पट आणून ओट्यावर मांडला. दहा खेळ्या मी आणि मास्तरांनी लावून दाखवल्या. दोन घरं चालणारी प्यादी त्यांनी डोळे बारीक करून सोसली. अकरावीला मास्तरांनी राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून उचलून पलीकडे ठेवला.

"हा! हा!" दादूसनं मास्तरांचं मनगटच धरलं. "दोन मोहरी एके दमान? ही लबारी झाली!"

"याला किल्लेकोट म्हणतात. या खेळात राजाला अडीच घरांची उडी नाही, दादूस. ती काढून घेतली, त्याच्या बदल्यात हे दिलंय."

दादूसनं पटाकडे बघत बराच विचार केला. "म्हंजे राजा पलतो तोच. आमचा उरी मारून पलतो, तुमचा हत्तीला पुढं करून."

"अगदी तसंच."

"मंग ठीक." मग माझ्याकडे वळून त्यांनी निकाल दिला: "रईवारी तिकरं जा, तिकरं दोन पावलं टाक. माजे ओट्यावर मातर एकच. चालंल?"

मी मान हलवली. मनातली ट्रंक मी तेव्हा पहिल्यांदा खाली ठेवली.

इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण मी संशयी माणूस आहे, आणि ते कार्ड माझ्या हातात आलं तेव्हाच मला काही गोष्टी दिसल्या होत्या. डब्यातल्या बाकीच्या कार्डांवर भुसावळचा शिक्का स्वच्छ होता. यावर शाईचा नुसता फराटा. बाकीची काळ्या शाईत, हे जांभळ्या. आणि मास्तरांच्या टाकाला जांभळी शाईच लागलेली मी दर रविवारी बघत आलेलो. बाकीच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी स्नेह्यानं तब्येतीचं काहीतरी लिहिलेलं, दम्याचं, झोप न येण्याचं. नवव्या खेळीच्या कार्डावर तर अर्धं कार्ड दम्याचंच होतं, आणि ते श्रावणातलं होतं. या कार्डावर तब्येतीचा शब्द नव्हता.

त्यानंतर कार्डं नियमानं यायला लागली, दर पंधरवड्याला, सगळी जांभळी. आणि मी रविवारी जी खेळी खेळून यायचो तीच पुढच्या कार्डात असायची. मी एकदा मुद्दाम परीक्षा घेतली. चांगली खेळी दिसत असूनही कडेचं एक प्यादं उगाच पुढं ढकलून आलो. पुढच्या कार्डात वेगळीच खेळी आली, ती चांगली, आणि खाली लिहिलेलं: घाई नको. आता याचा अर्थ काय घ्यायचा? भुसावळला खरंच कुणी बसलं होतं? की माझी चूक मास्तरांनी पुसली? 'घाई नको' हे कुणी कुणाला लिहिलं होतं?

पोस्टमनला विचारता आलं असतं. तो रोज आमच्या दुकानावरून जायचा. दोन वेळा मी चरक थांबवून उठलोही. पण विचारलं नाही. विचारून जे कळलं असतं त्यानं ती खुर्ची गेली असती, नाहीतर मास्तरांचा स्नेही गेला असता. आणि तो आधीच गेलेला असेल तर त्याला दुसऱ्यांदा घालवणारा मी कोण? जन्मभर लोक आपल्याला काहीतरी देतात ते कशासाठी, हेच शोधत आलेलो. या एका ठिकाणी शोधायचं नाही असं ठरवलं, आणि ते पाळणं मला फार जड गेलं. अजून जातं.

डाव वर्षभर चालला आणि बरोबरीत सुटला. शेवटचं कार्ड मास्तरांनी मला दादूसकडे न्यायला दिलं. मी ओट्यावर बसून वाचलं. दादूस तंबाखू मळता मळता थांबून ऐकत होते.

"'डाव बरोबरीत मान्य. उत्तम खेळलात. कोपरच्या दादूसांना माझा नमस्कार सांगावा. दहाव्या खेळीचा जोर त्यांचाच होता.'"

"भुसावलसून लिवलाय?" दादूसनं विचारलं. "आपला नाव तितं पोचला?"

मी जांभळ्या अक्षरांकडे बघितलं, मग त्या फराट्याकडे.

"हो," मी म्हणालो. "भुसावळहून आलंय."

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं, मोठ्यानं, आतल्या माणसांनाही ऐकू जाईल असं.